निकम साहेबांनी परत पाठवलेली काठी

निकम साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते "कोण म्हणालं?" पलीकडे त्यांची मुलगी मनीषा होती. ती रडता रडता थांबली, हसली, आणि मग आम्हा दोघींनाही धड रडता येईना की धड हसता येईना. कारण ते शब्द त्यांचेच होते. आज उकडतंय म्हटलं तरी "कोण म्हणालं?" डॉक्टरांनी साखर नॉर्मल आहे म्हणून सांगितलं तर त्यांच्या तोंडावर, "कोण म्हणालं?" बिचारे डॉक्टर म्हणाले, मीच म्हणालो. त्यावर साहेबांनी रिपोर्ट उलटा करून मागची बाजू बघितली होती.

आम्ही नाशिकला अंबडमधल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. ते साहेब, मी त्यांच्या हाताखाली. गाड्यांना लागणाऱ्या पिना आणि शाफ्ट तिथे बनायचे आणि बाहेर जाण्याआधी आमच्या टेबलावर यायचे. मापात बसला तर हिरवा ठिपका, नाही बसला तर लाल चिठ्ठी. चिठ्ठीवर कारण लिहायचं, खाली सही करायची. साहेबांच्या अंगात हे खातं इतकं भिनलं होतं की निवृत्त झाल्यावरही ते सुटलं नाही. पाथर्डी फाट्याला त्यांचं रो-हाउस, दोन घरं सोडून माझं. घर घेताना त्यांनी बिल्डरच्या प्रत्येक भिंतीला टिचकी मारून आवाज ऐकला होता. माझ्याही घराच्या भिंती त्यांनीच ऐकल्या. स्वयंपाकघराची एक भिंत पोकळ बोलते म्हणाले होते, आणि पहिल्याच पावसात तिथूनच ओल आली. असं एकदा खरं ठरलं की माणूस पुढे शंभर वेळा छळतो.

उंच, काटकुळे, आणि डावा डोळा बारीक करून बघायची सवय. मापाच्या पट्टीवर आयुष्यभर एका डोळ्याने बघून तो डोळा तसाच राहिला होता. त्यामुळे नुसतं "या, बसा" म्हणाले तरी समोरच्याला वाटायचं, आपण काहीतरी लपवतोय आणि ह्यांना ते कळलंय. शर्टाच्या खिशात कायम केसभर माप घ्यायचा व्हर्नियर, चामड्याच्या पाकिटात. लग्नाची पत्रिका आली की नावं नंतर, आधी तारीख आणि वार कॅलेंडरशी जुळतात का ते बघायचे. मूळचे नामपूरचे, घरी कांदा पिकवलेला, त्यामुळे कांदेवाल्याची तर धडगत नसायची. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला कांदा वर काढायचे. "वरचा कांदा दाखवायचा असतो, सोनवणे, खालचा विकायचा असतो," असं मला म्हणायचे. मला ते आयुष्यभर सोनवणेच म्हणाले. बाई नाही, मॅडम नाही. तो मान होता, हे मला उशिरा कळलं.

आणि सामान. सामानाच्या बाबतीत तर विचारूच नका. त्यांचा नियम होता की आपलं सामान आपल्या पुढे चाललं पाहिजे. एकदा आम्ही तिघं-चौघं मापाची अवजारं घेऊन बाहेरगावी एका पुरवठादाराकडे चाललो होतो. नाशिक रोड स्टेशनवर हमालाने पेटी डोक्यावर घेतली आणि तो नेहमीप्रमाणे आमच्या मागे चालायला लागला. साहेब जागेवर थांबले. त्याला म्हणाले, तू पुढे हो. तो म्हणाला, साहेब, डबा कुठला ते तुम्हाला माहीत, मी पुढे कसा होऊ? शेवटी साहेब अख्खा पूल उलटे चालत गेले, तोंड हमालाकडे, पाठ गर्दीकडे, आणि मी त्यांच्या पाठीच्या बाजूला धावत, "बाजूला व्हा, बाजूला व्हा," म्हणत लोकांना सरकवत. घर बदललं तेव्हाही ते टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत. मागे कपाटाला टेकून बसून आले, भर उन्हात. केबिनमधून सामान दिसत नाही म्हणे.

कुलूप लावलं की तीन वेळा ओढायचे. गेटपर्यंत जाऊन परत यायचे, परत ओढायचे. वहिनी, म्हणजे साहेबांच्या मिसेस, होत्या तेव्हा रिक्षात बसून कंटाळायच्या आणि मला हाक मारून म्हणायच्या, "सोनवणेबाई, मला कुलूप केलं असतं तर बरं झालं असतं, निदान दिवसातनं तीनदा बघितलं तरी असतं." साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एकाच गोष्टीकडे ते मागे वळून बघत नसत. हिरवा ठिपका दिलेल्या मालाकडे. ठिपका दिला की हाताच्या पाठीने तो पीस डावीकडे सरकवायचा, आणि संपलं. नवीन लोक घाबरून पास केलेला माल पुन्हा उचलून बघायचे, तेव्हा ते चिडत. "पास केला ना? मग मागे बघायचं नाही. बघायचं असेल तर पास करू नका." खात्यात असा हा एकच नियम होता, आणि तो ते चढ्या आवाजात सांगत.

मी कामाला लागले त्याच आठवड्यात त्यांनी माझी परीक्षा घेतली होती. माझ्या ट्रेमध्ये एक पीन आली, तिच्यावर आधीच हिरवा ठिपका होता, साहेबांच्या हातचा. मी मापली तर केसभर मोठी. परत मापली. तेवढीच. साहेबांनी पास केलेली वस्तू मी कोण नापास करणारी? पण हात पुढे जाईना. उठले, त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, साहेब, ही मोठी आहे. ते म्हणाले, त्यावर माझा ठिपका आहे. मी म्हटलं, असू दे, मोठी आहे. त्यांनी डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जा, बसा जागेवर." नंतर कळलं की ते प्रत्येक नवीन माणसाला असा एक खोटा पीस देत. ठिपका बघून गप्प बसणाऱ्याची दुसऱ्याच दिवशी स्टोअरमध्ये बदली होई. माप चुकलं तर शिकवता येतं, पण माणूस बघून माप बदलणाऱ्याचं काय करायचं, असं त्यांचं म्हणणं.

तर अशा माणसाची एकुलती एक मुलगी मनीषा ट्रेकिंगला म्हणून हिमाचलात गेली आणि तिथल्याच एका मुलावर जीव जडवून आली. रोशन त्याचं नाव. कुल्लूच्या बाजूला एका नदीकाठी त्याच्या घरच्यांचं चार खोल्यांचं घर, तिथे लांबून लोक राहायला येतात, नदीत उभे राहून मासे धरतात आणि सोडून देतात.

हे "सोडून देतात" साहेबांच्या घशाखाली उतरेना. मला बोलावून त्यांनी पुन्हा पुन्हा तेच विचारलं. धरतात? हो. खात नाहीत? नाही. पाण्यात परत सोडतात? हो. मग येतात कशाला? मी म्हटलं, साहेब, हौस असते एकेकाची. "कोण म्हणालं?" त्यांची खात्री झाली होती की मासे हे निमित्त आहे आणि त्या घरात काहीतरी वेगळंच चालतं. मुलगा शांत होता, त्याचाही संशय. हसरा होता, त्याचा तर फारच. लग्न नाशिकलाच झालं, साधंसं. साहेब पहिल्या रांगेत बसून सगळं डोळा बारीक करून बघत होते. मुलगी पाया पडली तेव्हा तिला म्हणाले, "लग्न झालं ते झालं. मी अजून पास केलेलं नाही."

मनीषा त्या "अजून"वर पुढची काही वर्षं जगली. वहिनी मधल्या काळात गेल्या, त्यांना तर लेकीचं घर बघायलाच मिळालं नाही. मनीषा दर सणाला बोलवायची, बाबा, या ना. साहेब म्हणायचे, बघू. जावयाशी फोनवर बोलायचे नाहीत. त्याने फोन घेतला की "मनीषाला द्या." त्या मुलीचं काळीज ह्या एका गोष्टीने किती कुरतडलं होतं ते मला माहीत आहे, कारण साहेबांचा फोन ठेवला की ती मला फोन करायची.

मग ते पार्सल आलं.

लांबोडकी पेटी, हिमाचलवरून, पाठवणाऱ्याचं नाव रोशन. साहेबांनी ते दोन दिवस उघडलंच नाही. हलवून बघितलं, वास घेतला, काट्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. काही कमी निघालं तर कुणीतरी बघितलेलं हवं, म्हणून. फार चक्रावले की साहेब अहिराणीवर यायचे. पेटी उघडून आत बघितलं आणि म्हणाले, "हाई काय शे?"

आत काळ्या कार्बनच्या चार बारीक बारीक नळ्या होत्या, एकीचं टोक दुसरीत बसेल अशा. एक बुचाच्या लाकडाची मूठ, बारीक तारेच्या वळणदार कड्या, दोऱ्याची रिळं, एकत्र ढवळली की घट्ट होणाऱ्या राळेच्या दोन बाटल्या. नदीत मासे धरायची काठी, पण सुटी, स्वतः जोडायची. सोबत मनीषाची दोन ओळींची चिठ्ठी, बाबा, ही तुम्ही बनवा आणि घेऊन या.

"तयार का नाही पाठवली?" साहेब म्हणाले. "अर्धवट माल कोण पाठवतं? खराब झाली की म्हणायला मोकळे, तुम्हीच जोडली."

पण हात शिवशिवत होते, ते मला दिसत होतं. कितीतरी वर्षांनी त्यांच्या टेबलावर तपासायला काहीतरी आलं होतं. व्हर्नियर निघाला. प्रत्येक नळी दोन्ही टोकांना मापली, प्रत्येक कडीला टिचकी मारली. मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तर साहेब एका नळीचं बूड टेबलाच्या काचेवर टेकवून, शेंडा एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने मधोमध दाबत नळी गोल फिरवत होते. चेहऱ्यावर जुना आनंद होता. चोर सापडल्याचा.

"हात लावा," म्हणाले. मी लावला. नळी फिरवताना एका जागी अडत होती आणि मग टुणकन उडी मारून दुसरीकडे वळत होती. एका बाजूला वाकायला सोपी, एका बाजूला ताठ. चारही नळ्यांचं तेच.

"सगळीकडून सारखी वाकली पाहिजे. दुय्यम माल चिकटवलाय."

मला वाटलं, बोलून मोकळे होतील. चार दिवसांनी मनीषाचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, "काकू, बाबांनी पेटी परत पाठवली. लाल चिठ्ठी बांधून. 'एका बाजूला जास्त ताठ. अमान्य.' खाली सही." मग म्हणाली, "तयार काठी पाठवली असती तर त्यांनी फक्त चुका काढल्या असत्या. सुटी पाठवली तर निदान जोडतील, असं मला वाटलं होतं. आता बास, काकू. आता मी नाही फोन करणार."

मी तशीच तरातरा साहेबांच्या घरी गेले. रागाने माझे कान तापले होते. म्हटलं, साहेब, पोटच्या पोरीची भेट रिजेक्ट केलीत? ते खरंच गोंधळले. म्हणाले, "मुलीला कुठे? माल रिजेक्ट केला. त्या पोराला कुणीतरी फसवलंय, सोनवणे. आपण गप्प बसलो तर पुढच्या वेळी पण फसेल. चिठ्ठी आहे, कारण लिहिलंय, आता तो पुरवठादाराकडून बदलून घेईल." त्यांना वाटत होतं त्यांनी जावयावर उपकार केलाय. मी डोक्याला हात लावला. चाळीस वर्षं लाल चिठ्ठ्या बांधल्या त्या माणसाने, पण ती चिठ्ठी हातात पडते त्याला काय वाटतं, हे एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, मनीषा आता फोन करणार नाही. ते "कोण म्हणालं?" म्हणाले नाहीत. उठून कुलूप बघून आले, घरात बसलेले असताना.

पुढे आठवडाभराने, मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी, साहेबांच्या गेटाशी रिक्षा थांबली आणि रोशन उतरला. एकटाच. पाठीवर सॅक, हातात लांब नळकांडं. मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते, तशीच पिठाच्या हाताने खाली आले. मला वाटलं, आता हा भांडणार, आणि भांडला तर चूक त्याची नाही. पण तो साहेबांच्या पाया पडला, पाणी प्यायला आणि नळकांडं उघडलं. त्याच चार नळ्या. पहिलीला लाल चिठ्ठी अजून बांधलेली.

"पापाजी," तो म्हणाला, "ये आपको किसने बताया था?"

साहेबांनी डोळा बारीक केला. "कुणी कशाला सांगायला हवं? हाताला कळतं."

मग तो जे सांगायला लागला ते ऐकून मी पदराला हात पुसत तिथेच खाली बसले. तो म्हणाला की काठी बनवताना सगळ्यात आधी हेच शोधायचं असतं. प्रत्येक नळीची एक बाजू ताठ असते, ती सापडली की खूण करायची आणि त्या बाजूच्या हिशोबाने कड्या बांधायच्या, मग काठी सरळ चालते. नवीन माणसाला दाखवून दाखवून सुद्धा ते कळत नाही. तुम्हाला न सांगता सापडलं, म्हणून मी आलो. फोनवर सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं नसतं.

"प्रत्येक नळीत असतं?" साहेब म्हणाले. "कोण म्हणालं?"

रोशनने सॅकमधून आणखी नळ्या काढल्या. वेगवेगळ्या बनावटीच्या, जुन्या, नव्या, एक मोडकी. एका ओळीत टेबलावर ठेवल्या. साहेबांनी एकेक काचेवर टेकवून फिरवली. प्रत्येक नळीने उडी मारली. शेवटची खाली ठेवली, मग लाल चिठ्ठीचा दोरा सोडून ती खिशात घातली. चूक झाली असं काही म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "सोनवणे, ह्याच्या जेवणाचं बघायला पाहिजे."

एवढ्याने संशय संपला असं समजू नका. उलट आता माणूस समोर सापडला होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं आणि चौकशीही. घरात किती जण, पाणी कुठून येतं, मनीषाला थंडी बाधते का. साहेबांचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं, आणि रोशनला मनीषामुळे मराठी बऱ्यापैकी कळायचं, त्यामुळे गाडी चालत होती. शेवटी साहेब मूळ मुद्द्यावर आले. मासा धरून सोडायचा कशाला?

रोशनने पाकिटातून एक गळ काढला, त्याला पिसं आणि दोरा गुंडाळून हुबेहूब माशी केलेली. म्हणाला, ही खोटी माशी आहे. लहान मासे लगेच फसतात. "बड़ी वाली नहीं आती, पापाजी. पास आती है, देखती है, लौट जाती है. फिर आती है, फिर देखती है. शक करती है, इसीलिए तो इतनी बड़ी हुई." एवढं बघूनही जी एकदा येते, तिला मारायला हात उठत नाही म्हणाला.

साहेबांनी ती खोटी माशी उलटीपालटी करून बघितली. पिसाचा एक तंतू ओढून बघितला. "हुशार आहे मासा," एवढंच म्हणाले. पण पुढे दोन दिवस त्या मोठ्या माशाबद्दलच विचारत होते. किती वेळ बघतो? कुठल्या बाजूने येतो? कुणा नातेवाइकाची सुद्धा त्यांनी इतक्या आपुलकीने विचारपूस केलेली मला आठवत नाही.

कड्या बांधायचं काम नाजूक असतं. कडीचे पाय नळीवर ठेवायचे, वरून बारीक दोरा शेजारी शेजारी गुंडाळत जायचं, आणि सगळ्या कड्या एका रेषेत आल्या पाहिजेत. मागून वर राळ चढली की पुन्हा हलत नाहीत. साहेबांनी दोन दिवसांत हात बसवला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आमरस घेऊन गेले, तर शेवटून दुसरी कडी साहेबांनी नुकतीच बांधून संपवली होती. वाटी ठेवता ठेवता मी काठीकडे बघितलं.

कडी तिरकी होती. फार नाही, पण तिरकी. आणि तो दोरा इतका सुबक गुंडाळलेला होता की ते हात चुकून चुकलेले नव्हते. मी साहेबांकडे बघितलं. ते आमरसाच्या वाटीकडे बघत होते. मला तो हिरवा ठिपका आठवला.

तो पोरगा आता काय करणार? बोलला तर सासऱ्याच्या कामात खोट काढली. गप्प बसला तर संपलं, त्याला कधी कळणारही नाही की काय संपलं ते. मी सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर परीक्षेला अर्थ नव्हता आणि साहेबांना ते माझ्या तोंडावरून कळलं असतं. रोशनने काठी उचलली, डोळ्याला लावली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघितलं. मध्येच थांबला. त्याला दिसलं, शंभर टक्के दिसलं. त्याने काठी हळूच खाली ठेवली आणि म्हणाला, "आज के लिए बस करें, पापाजी?"

साहेब म्हणाले, बरं. त्यांचा चेहरा असा पडला की मला त्यांचीच कीव आली. तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला पोराने पास व्हायला हवंय, आणि तरी ते त्याला एक बोटभर सवलत देणार नाहीत. घरी आले, जेवण गेलं नाही. मनीषा फोन करत नव्हती तेच बरं होतं, काय सांगितलं असतं तिला?

सकाळी राळ लावायची होती. मी दूध गरम करायचं तसंच टाकून गेले. साहेबांनी दोन्ही बाटल्यांतली राळ वाटीत घेतली, सारखी माप करून, आणि काडीने ढवळायला लागले. रोशन अंघोळ करून आला, टेबलाशी बसला. त्याने वाटीकडे बघितलं, काठीकडे बघितलं, आणि सॅकमधून पातं काढलं.

"रुकिए, पापाजी," तो म्हणाला. "ये टेढ़ी है. रात भर सोचा कैसे बोलूँ. आपको बुरा लगे तो लगे, फिर से बाँधेंगे."

आणि साहेबांनी काही म्हणायच्या आत त्याने दोरा कापला. कडी टेबलावर पडली, टण्ण करून.

साहेबांनी डोळा बारीक केला. "मी बांधली होती ती."

"हाँ जी. टेढ़ी थी."

साहेबांनी राळेची वाटी हाताच्या पाठीने डावीकडे सरकवली. "ही राळ आता वाळेल. दुसरी करावी लागेल," म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग अगदी हळू आवाजात, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "हाई बरं शे." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. बाहेर येऊन म्हटलं, कांदा चिरत होते. साहेबांनी विचारलं, "कुठला कांदा?"

राळ लावल्यावर काठी सारखी फिरवत ठेवावी लागते, नाहीतर राळ एका बाजूला ओघळते. पंखा बंद, धूळ नको म्हणून खिडक्या बंद, बाहेर मे महिना. सासरा एका टोकाला, जावई दुसऱ्या टोकाला, दोघांच्या बनियनी भिजलेल्या, आणि दोघं मिळून काठी हळूहळू फिरवताहेत. बोलणं नाही. एकाचा हात दुखला की तो नुसतं बघायचा, दुसरा फिरवायला लागायचा. मी त्यांचा फोटो काढून मनीषाला पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. तिचा लगेच फोन आला. साहेबांनी घेतला आणि म्हणाले, "आता हात रिकामा नाही. रोशनशी बोल." एवढ्या वर्षांत त्यांनी जावयाचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

काठी वाळल्यावर कॉलनीच्या मैदानात चालवून बघितली. लांब दोरी हवेत पुढे-मागे सळसळायला लागली तशी कुत्री पळाली, आणि वॉचमनने येऊन साहेबांना विचारलं, हे काय आहे, परवानगी काढली का? साहेबांना इतका आनंद झाला. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. विचारलंच पाहिजे." आणि त्याला काठी हातात देऊन सगळी तपासू दिली.

साहेब रोशनबरोबर लेकीकडे निघाले, त्या दिवशी मी त्यांना सोडायला नाशिक रोडला गेले. घराला कुलूप त्यांनी एकदाच ओढलं, किल्ली माझ्या हातात दिली. मी विचारलं, परत कधी? म्हणाले, बघू. मला वाटलं, महिनाभराने येतील. ते लेकीकडेच राहिले, पुढे हिवाळ्यात तिथेच गेले, आणि किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

स्टेशनात गर्दी होती. पुलाच्या पायऱ्यांशी साहेब थांबले, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता उलटे चालणार. रोशनच्या खांद्यावर साहेबांची बॅग होती, काखेत काठीचं नळकांडं. तो अदबीने बाजूला झाला, मनीषाने त्याला सामानाचा नियम सांगितला असणार. म्हणाला, पापाजी, मैं आगे चलूँ?

"नको," साहेब म्हणाले. "तू मागून ये."

आणि ते चालायला लागले. मी खालीच उभी होते. दोन्ही हात मोकळे, मान ताठ, गर्दीतून वाट काढत साहेब पूल चढले, आणि बरंच मागे, माणसांमध्ये कधी दिसत कधी हरवत, रोशन त्यांचं सगळं सामान घेऊन येत होता. मला हात करायचा होता, म्हणून मी वाट बघत राहिले की आता वळतील, मग वळतील. पूल संपेपर्यंत ते एकदाही वळले नाहीत.